सहावा धडा

सोमवार, ३ मार्च
दुपारचे साडेतीन

धाकटे,

आधी कामाचं. हे पत्र वाचलंस की पिल्लूला शाळेतून घे, लागतील तेवढे कपडे भर आणि खोली सोड. कुठे जायचं ते बायकांच्या वसतिगृहाच्या बाई सांगतील. उद्यापासून कामावर जाऊ नकोस. धुलाईखान्यात काय सांगायचं तेही बाईच बघतील.

आठ वर्षांनी पहिली ओळ लिहितेय आणि तीही हुकूम सोडणारी. तू म्हणशील, ताई काही बदलली नाही. म्हण बाई, काय म्हणायचं ते म्हण, पण चालत चालत म्हण.

झालं असं. आमच्या संस्थेच्या संगणकांत कोणीतरी शिरलं आणि एक यादी बाहेर गेली. जीव वाचवायला घर सोडून निघालेल्या बायका पुढे संसार कसा उभा करतात, यावर माझं संशोधन चालू आहे. त्रेचाळीस जणींच्या मुलाखती झाल्या. मुलाखतींच्या कागदांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कोण, हे एका वेगळ्या यादीत असतं. नाव, फोन, राहायचा भाग, कामाचं ठिकाण. तीच यादी गेली. मागच्या वर्षी एक हसरी मुलगी टेप घेऊन तुझ्याकडे आली होती ना, ती माझी मदतनीस. तू त्या यादीत आहेस हे मला आजच कळलं.

तुझ्या नवऱ्याच्या हाती ती पडली आहे असं कोणी म्हणत नाहीये. पडणारच नाही असंही कोणी छातीवर हात ठेवून सांगायला तयार नाही. म्हणून हे पत्र कागदावर. माझा संगणक तपासायला नेलाय, फोनही काढून घेतलाय, आणि खरं सांगू का, मला आता बटण दाबायचीच धास्ती वाटते. बाई स्वतः येऊन पत्र तुझ्या हातात देतील. तू त्यांच्याशी बोलतेस, त्यांचं ऐकतेस, एवढं मला माहीत आहे.

 अक्षर बघ कसं आलंय. शाळेत मी तुझं अक्षर खोडून खोडून परत लिहायला लावायचे.

निघ.

ताई


मंगळवार, ४ मार्च

धाकटे,

बाई म्हणाल्या, तू पत्र घेतलंस, पहिल्या चार ओळी वाचल्यास आणि घडी घालून परत दिलंस. वर म्हणालीस, "ताईचं पत्र आलं म्हणजे मागोमाग तोही आलाच." पिल्लूची परीक्षा आहे, कामाची पाळी सोडता येत नाही, आणि मी घातलेल्या भीतीला तू आता भीक घालत नाहीस, हेही म्हणालीस.

बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर पत्र फाडून टाकलं असतं. पण कालच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. त्या सुधारते, मग तरी बघ.

संगणकात कोणी शिरलं नाही. यादी मी दिली. माझ्या हातानं, पासवर्डसकट.

मागच्या वर्षी संस्थेनं ठरवलं की सगळ्या संशोधकांना संगणकाची सुरक्षा शिकवायची. व्याख्यानाला कोणी बसत नाही, म्हणून गप्पा मारणारा चॅटबॉट आणला. आपण लिहायचं, त्यानं उत्तर द्यायचं. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. तो एखादा संशयास्पद ईमेल दाखवायचा आणि विचारायचा, आता तुम्ही काय कराल? चुकलं तर रागवायचा नाही, परत समजावायचा. आमच्याकडचे खडकांचा अभ्यास करणारे सर त्याच्याशी रोज भांडायचे. तुला काय करायचंय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाच धड्यांत सगळ्यात कमी गुण त्यांना. आणि सगळ्यात जास्त कोणाला? मी पहिली आले. संस्थेच्या वेबसाइटवर माझा प्रमाणपत्र धरलेला फोटो लावला, खाली माझं नाव आणि मास्तरचं कौतुक. मी तो फोटो चार जणांना पाठवलासुद्धा. या वयात.

वीस फेब्रुवारीला मास्तरचा निरोप आला. पहिल्या आलेल्यांसाठी खास सहावा धडा आहे, खालच्या दुव्यावर, म्हणजे लिंकवर, या. अनोळखी दुव्यावर जाऊ नये, हा पहिलाच धडा. पण हा दुवा मास्तरनंच पाठवलेला, मग अनोळखी कसला? तेच चित्र, तेच अक्षर, तीच गोड भाषा. आणि मला तर बाई शाबासकीची सवय लागली होती.

तो माझ्या कामाबद्दल विचारायचा. तुमच्याकडची सगळ्यात नाजूक फाइल कोणती, कुठे ठेवता, कुलूप कसं लावता. आता आम्हा संशोधकांची खोड तुला ठाऊक आहे. प्रश्न विचारला की उत्तर उदाहरणासकट, तळटिपांसकट. खरी फाइल मलाही दाखवू नका, असं मास्तरनं दुसऱ्या धड्यात बजावलं होतं. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाला, तो नियम नवशिक्यांसाठी होता, तुमच्यासाठी नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सव्वीस तारखेला मी यादी दिली. माझी आकडे द्यायची पद्धत किती पक्की आहे, ते तपासून घ्यायचं होतं मला.

काल दुपारी जेवणानंतर संगणक विभागातल्या मुलीजवळ मी शेखी मिरवत होते की माझा सहावा धडा संपत आला. ती पेनाचं टोपण चावत होती, ते तिनं तोंडातून काढलं. "मॅडम, धडे पाचच आहेत," म्हणाली.

मी तिथेच सगळं बोलणं तिला उघडून दाखवलं. 

दुसरं खोटं. तू यादीत आहेस हे मला काल कळलं नाही, वर्ष झालं. तुझं नाव बदललेलं आहे, पण जन्मतारीख तू खरी सांगितलीस. मुलाखत वाचली तर तुझं बोलणं जसंच्या तसं. मग मी तुझ्या भागातली तिन्ही हॉस्पिटलं पालथी घातली आणि धुलाईखान्याच्या फाटकासमोर एका सकाळी उभी राहिले. तू पिशवी डाव्या खांद्याला लावून बाहेर आलीस. डावं मनगट अजून वळत नाही तुझं. हाक मारायची हिंमत झाली नाही. परत आले आणि कोणाला काही बोलले नाही.

एवढं लिहूनही तू जाणार नसशील तर काय करू मी? सांग.

ताई


गुरुवार, ६ मार्च

धाकटे,

काल लिहिलं नाही, कारण जे लिहायचं ते लिहायला धीर होत नव्हता. आज लिहिते, कारण आता न लिहून चालणार नाही.

संगणकवाल्या मुलीनं बारा दिवसांचं सगळं बोलणं कागदावर छापून दिलं. साठ पानं. आम्ही दोघी तिच्या खोलीत दार लावून वाचत बसलो. दहाव्या-बाराव्या पानाला ती म्हणाली, मॅडम, हे यंत्र नाही, माणूस आहे. रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान उत्तरच येत नाही. यंत्र जेवायला जात नाही.

मला त्यात काही भयंकर वाटलं नाही. असेल कोणी चोर, लांबच्या देशातला, त्याला आमच्या बायकांचं काय? मग चाळिसावं पान आलं. तिथे मी त्याला लिहिलंय की हल्ली कामात लक्ष लागत नाही. त्यावर त्याचं उत्तर, आई गेल्यापासून असं होत असेल.

धाकटे, आईबद्दल मी अवाक्षर काढलेलं नव्हतं. पानं तीनदा उलटून बघितली. आई आहे की गेली, हेसुद्धा मी कुठे लिहिलेलं नाही.

मी त्या मुलीला ते पान परत मोठ्यानं वाचायला लावलं.

तो होता. बारा दिवस मी ज्याला मास्तर समजून मन मोकळं करत होते, तो तुझा नवरा होता. शाळांचे संगणक दुरुस्त करतो, त्याला असला दुवा बनवायला किती वेळ लागणार? माझा फोटो त्यानं वेबसाइटवर बघितला असणार. काय सांगितलं की मी फुलते, ते त्याला आधीपासून ठाऊक आहे. आपल्या घरी यायचा तेव्हासुद्धा माझीच स्तुती करायचा, आठवतं? तू हसायचीस.

पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या बाई भल्या आहेत. पण टाइप करणारा तोच आहे हे सिद्ध व्हायला आठवडे लागतील म्हणतात. कोर्टाचा मनाई हुकूम अजून लागू आहे, त्यामुळे तुझ्या किंवा माझ्या दाराशी दिसला तर उचलता येईल. दाराशी दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे. आमचे संचालक म्हणतात, बायकांना आताच सांगून घाबरवू नका, आधी समितीची बैठक होऊ दे. मी त्यांना म्हटलं, बैठक तुम्ही घ्या. कालपासून वसतिगृहाच्या बाई आणि मी घरोघर फिरतोय. सव्वीस जणी झाल्या. एकीनं माझ्या तोंडावर दार आपटलं. एक लगेच मुलांचे बूट शोधायला लागली. तिच्याकडे बघवेना.

आता तुझं ऐक. सोमवारी सकाळी त्यानं विचारलं, या यादीतल्या कोणाची तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते? मी लिहिलं, एकतीस नंबर, ती माझी बहीण आहे. लिहिलं आणि चहा प्यायला गेले. तुझ्या नावापुढे माझ्या मदतनीसानं नुसतं 'हॉस्पिटलचा धुलाईखाना' लिहिलंय, कुठल्या हॉस्पिटलचा ते नाही. तेवढ्यावर तू आज वाचलेली आहेस. मंगळवारपासून तो विचारतोय, एकतीसचा तपशील अपुरा आहे, पूर्ण करा. पोलीसबाईंच्या सांगण्यावरून मी त्याला झुलवतेय. त्याला अजून कळलेलं नाही की आम्हाला कळलंय. पण आज सकाळी वसतिगृहाच्या बाई खबर घेऊन आल्या. काल एक माणूस तुमच्या भागातल्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या फाटकावर बहिणीला शोधत होता, भाऊ आहे म्हणाला. मंगळवारी पहिल्यावर होता. तिसरं तुझं आहे.

आणि तू अजून खोलीतच आहेस, कारण सांगणारी मी आहे.

मग हेही घे. त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आजवर कोणालाच सांगितली नव्हती. यंत्राला सांगायला लाज वाटत नाही, असं वाटलं मला. आठ वर्षांपूर्वी तू पिल्लूला कडेवर घेऊन निघून गेलीस, मैत्रिणीकडे लपलीस, तेव्हा तुझा पत्ता त्याला आईनं दिला नव्हता. मी दिला. तो आमच्या पायरीवर बसून रडला. मला वाटलं, समोरासमोर बोलतील, मिटेल. मी शिकलेली, मोठी, मला सगळं कळतं. चौथ्या दिवशी तुझं मनगट मोडल्याचं कळलं.

तू फोनवर आईला विचारलंस, पत्ता कोणी दिला? मी शेजारीच उभी होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मीच दिला." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, तिला एक बहीण तरी राहू दे. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. चार वर्षं तू आईशी बोलली नाहीस, मी बघत राहिले. आई गेली, तू आली नाहीस, आणि लोकांनी तुला नावं ठेवली ती मी ऐकून घेतली. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटू दिलं. आणि तू तर बहीण म्हणूनही मला ठेवलं नाहीस, आईच्या बाजूची समजून तोडलंस. म्हणजे आईचं ते खोटंही वायाच गेलं.

पत्ता मी दिला एवढंच, आईचं नाव न काढता, मी त्याला लिहिलं तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं, तेही छापलेलं आहे. तुम्ही चांगल्या हेतूनंच केलंत, मनाला लावून घेऊ नका. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपले.

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. ठेवूच नकोस. तुझ्यापाशी पोचायची त्याची वाट दोन्ही वेळा मीच होते. या वेळी तू त्या वाटेवरून बाजूला हो, एवढंच.

पानं सोबत पाठवतेय. चाळिसावं पान वाच. त्याची भाषा तू माझ्याआधी ओळखशील.

ताई


शुक्रवार, ७ मार्च

धाकटे,

सकाळी नवाला वसतिगृहाच्या बाई संस्थेत सांगायला आल्या. तू पानं वाचलीस. लगेच बॅग काढलीस. अकरा वाजता गाडी येणार, पिल्लूचा पेपर साडेदहाला सुटतो, तिथूनच घेऊन पुढे. मी हुश्श करणार तेवढ्यात संगणकवाल्या मुलीनं तिच्या पडद्याकडे बोट दाखवलं. त्याचा निरोप होता. आज धडा पूर्ण करू, एकतीसचं ठिकाण लिहा, नाहीतर आधीचे गुण जातील.

 नाही लिहिलं तर तो थेट तिसऱ्या फाटकावर जाणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. आणि तू अकरापर्यंत तिथून हाकेच्या अंतरावर.

पोलीसबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बोलत ठेवा. मी बोलत ठेवलं. आयुष्यात इतकं वाईट टाइप केलं नसेल. तो विचारायचा, मी उलटा प्रश्न टाकायचे. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. त्याची उत्तरं आखूड होत गेली. उत्तर यायला एक मिनिट उशीर झाला की मुलगी आणि मी एकमेकींकडे बघायचो, कारण उत्तर येत होतं तोवर तो कुठेतरी बसलेला होता, तुझ्या मागावर नव्हता. दहा पन्नासला त्यानं लिहिलं, ठीक आहे, आपण थांबू.

मी काय केलं ते नीट सांगते. कोणाला विचारलं नाही. मी लिहिलं, एकतीसनं काम सोडलं, कालपासून ती मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आली आहे, मी दुपारी घरी तिच्यासोबतच असते. आणि खाली माझा पत्ता घातला. जिना, मजला, दार, सगळं.

धन्यवाद, असं उत्तर आलं. मग काही आलं नाही.

मुलगी रडायलाच लागली. मी पोलीसबाईंना कळवलं तर त्या एवढ्या ओरडल्या की फोन कानापासून लांब धरला. पण मी घरी पोचल्यावर दहा मिनिटांत त्या एका शिपायाला घेऊन माझ्या घरी हजर झाल्या. शिपाई आतल्या खोलीत, पोलीसबाई न्हाणीघरात बादलीवर बसलेल्या. मी स्वयंपाकघरात बसून दोन कप मांडले, तू आहेस असं दिसावं म्हणून. मग तिसरा छोटा मांडला. 

बारा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दार मीच उघडलं. धाकटे, तो अजून तसाच दिसतो, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "ताई, तुम्ही नेहमी खरं सांगता."  मी बाजूला झाले. तो आत आला, टेबलावरचे कप बघितले, छोट्या कपाला बोट लावलं, आणि तेवढ्यात न्हाणीघराचं दार आतून उघडलं.

झटापट फार झाली नाही. त्याच्या खिशातून काय निघालं ते मी तुला लिहिणार नाही. जाताना माझ्याकडे बघत होता. राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्यानं सोपा प्रश्न चुकवावा तसं बघत होता.

पोलीसबाई म्हणतात, हुकूम मोडलाय, शिवाय जे निघालं ते, त्यामुळे या वेळी लवकर सुटणार नाही. लवकर म्हणजे किती, ते सांगत नाहीत. सोमवारी संचालकांपुढे उभी राहणार आहे. नोकरी जाईल बहुतेक. उरलेल्या सतरा जणींकडे आज आणि उद्या जायचं आहे, ते काम काही सोमवारसाठी थांबणार नाही.

वसतिगृहाच्या बाई येऊन गेल्या. तुम्ही दोघी सुखरूप पोचलात एवढंच म्हणाल्या. कुठे, ते सांगायला लागल्या होत्या. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. अगदी खरोखर, हात. त्या चिडल्या.

तू आईसाठी रडलीस असं त्या म्हणाल्या. मीही.

तो आत आहे आणि मला अजून भीती वाटतेय, पण त्याची कमी आणि माझी स्वतःचीच जास्त. ज्याला माझ्याकडून काही काढून घ्यायचंय, तो दोन गोड शब्द बोलला की पुरे. पायरीवर बसून रडला तरी पुरे, पडद्यावर शाबास लिहिलं तरी पुरे. म्हणून हे माझं शेवटचं पत्र. बाईंना मी सांगून ठेवलंय की यापुढे माझ्याकडून तुझ्याकडे काही न्यायचं नाही आणि तुझ्याकडून माझ्याकडे काही आणायचं नाही.

पिल्लूला पेपर कसा गेला ते विचारायचं होतं. नको.

कुठे आहेस ते मला कधीही सांगू नकोस. मी विचारलं, आजारी पडले, रडले, मरायला टेकले, तरीही नाही.

ताई